सावलीचा रकाना

बंडूचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असतं, आणि तेच मला सहन होत नाही.

"वयनी, ते दुसरं सॉफ्टवेअर तीन माणसाले फुकट हाये. आपण तिघंच तर आहो. मी, तुमी आन् चंदा. मंग आपण दर महिन्याले पैसे कावून भरून राहिलो?"

'तिघंच' म्हटल्यावर त्याने जीभ चावली. मी काउंटरवरची धूळ पुसत राहिले. धूळ नव्हतीच.

आमचं अमरावतीत घरगुती पिठाच्या गिरण्यांचं दुकान आहे. फ्रीजएवढी उंच, पांढरी, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मावणारी गिरणी. विकायला दारोदार जावं लागतं, कारण दळणाला गिरणीवर जायची सवय असलेली बाई आपणहून दुकानात येत नाही. बंडू माझा दीर. तो अकोल्यात जुन्या शहरात राहतो आणि तिकडची बाजू सांभाळतो. चंदा सप्टेंबरात लागली, ती शहरातल्या कॉलन्या करते. अमरावती ते चांदूर रेल्वे ही बाजू माझ्या नवऱ्याची होती. स्वप्निल मे महिन्यात गेला. तो अडतीस वर्षांचा होता. आता मी हे वाक्य न अडखळता बोलू शकते. शिकले.

त्याची गिऱ्हाइकं अजून त्याच्याच नावावर होती. आम्ही वापरत असलेलं सीआरएम म्हणजे मोबाइलमधली गिऱ्हाइकांची वही. कोण, कुठे राहतं, कधी भेटलो, काय म्हणाले, पुन्हा कधी जायचं. सकाळी प्रत्येकाच्या फोनवर त्या दिवशीच्या घरांची यादी येते. माझ्या मोठ्या स्क्रीनवर सगळ्यांची येते. स्वप्निलच्या नावापुढे रोज सकाळी यादी येत होती आणि रोज संध्याकाळी सगळी घरं लाल होत होती. भेट झाली नाही, भेट झाली नाही, भेट झाली नाही. मेपासून हे मी बघत होते. नाव काढून टाकायला दोन मिनिटं लागली असती. ती दोन मिनिटं मला पाच महिन्यांत मिळाली नाहीत.

ऑक्टोबर संपताना वर्षाची मुदत संपणार होती. म्हणून बंडू मागे लागला होता.

हे सॉफ्टवेअर निवडलं तेव्हा आमचं, म्हणजे माझं आणि स्वप्निलचं, चांगलंच वाजलं होतं. मला फुकटचं हवं होतं आणि त्याला वाकणारं. फुकटच्यात नाव, फोन, पत्ता, तारीख, बस. त्यापलीकडे त्यात एक खिळासुद्धा ठोकता येत नाही. याच्यात आपल्याला हवे ते रकाने आपणच पाडता येतात. स्वप्निलने पहिल्याच दिवशी पाडले. 'दळण कोण नेतं' हा एक, कारण जी व्यक्ती डोक्यावर डबा वाहून नेते तीच खरी गिऱ्हाईक, असं त्याचं म्हणणं. 'घरात लग्न कधी' हा दुसरा, कारण आमच्याकडे हल्ली रुखवतात गिरणी देतात. आणि तिसरा 'सावली'. त्यात हो किंवा नाही.

"सावली कशाले?" मी विचारलं होतं.

"बसाले."

"गिरणी विकाले जातो का बसाले जातो तू?"

"मेमध्ये एक दिवस माह्या मागं गाडीवर बस," तो म्हणाला, "मंग बोल." आणि हसला. त्याला हसून विषय संपवता यायचा. मला तसं येत नाही, मी विषयाला धरून बसते.

रकाने त्याने सगळे भरले. तीनशेच्या वर घरं, एकाही घराची सावली त्याने सोडली नव्हती. मी त्याची थट्टा करायचे. बंडूच्या घरांपुढे तो रकाना कोराच असायचा, कारण बंडूकडे चारचाकी आहे.

तर या ऑक्टोबरमध्ये मी बंडूला म्हटलं, ठीक आहे, जाऊ फुकटच्याकडे. दुकान चालवायचं तर भावनेवर चालत नाही, असं मी त्याला सुनावलंसुद्धा, जसा काही तोच रडत बसला होता. रविवारी तो अकोल्याहून येऊन सगळी माहिती तिकडे हलवणार होता. माझं काम एवढंच होतं, स्वप्निलची घरं माझ्या आणि चंदाच्या नावावर वाटून द्यायची आणि त्याचं नाव काढायचं.

शुक्रवारी दुपारी बसले. चालू असलेली घरं पटापट वाटली. मग यादीच्या तळाशी 'बंद' केलेल्या घरांचा भाग आला. गिऱ्हाईक घेणारच नाही असं नक्की झालं की ते घर बंद करतात, मग ते फोनवरच्या यादीत येत नाही. स्वप्निलने कधी कोणाचं घर बंद केलं नव्हतं, त्याचा तो स्वभाव नव्हता. त्याच्या बाजूला फक्त एकच बंद घर होतं आणि ते मी बंद केलं होतं.

सुंदराबाई. चांदूर रेल्वेच्या अलीकडे पाच किलोमीटर, रस्त्याला लागून.

एप्रिलमध्ये मी भेटींचा अहवाल काढला होता. कोणी किती चकरा मारल्या, किती गिरण्या गेल्या. या बाईंकडे अकरा चकरा होत्या. दर गुरुवारी, न चुकता. 'दळण कोण नेतं' पुढे लिहिलं होतं, स्वतः. घरात माणसं किती, तर एक. एकट्या म्हाताऱ्या बाईला गिरणी विकायला माझा नवरा अकरा वेळा गेला होता, तेही ऐन लग्नसराईत, जेव्हा एकेक घर हातचं जाऊ द्यायचं नसतं.

मी स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. "हे काय करून राहिला तू? एकटी बाई आयुष्यात गिरणी घेणार हाये का?"

"घेईन."

"कधी?"

"सांगतो ना. सीझन होऊ दे."

"चहा प्यायले जातो तिथं, दुसरं काय! मी इथं एकटी मरून राहिली आन् हा खाटेवर पडून राहते!"

खाटेचं मी उगाच बोलले होते, तोंडाला आलं ते. त्याचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, चोरी पकडली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी त्याच्यासमोर ते घर बंद केलं. सॉफ्टवेअर कारण विचारतं. मी लिहिलं, 'वेळ वाया.'

"पुन्हा त्या दारात गाडी थांबली तर मले दिसते इथं," मी म्हटलं. फोनमुळे कोण कुठे थांबलं ते खरंच दिसतं.

 नंतर तो तिथे थांबला नाही. मी तपासत होते ना.

पंधरा मे, गुरुवार. पारा पंचेचाळीसच्या वर होता. दुपारी दोनला चांदूरच्या रस्त्यावर एका ट्रकवाल्याला तो दिसला. गाडी नीट स्टँडवर लावलेली, हेल्मेट आरशाला अडकवलेलं, आणि हा मैलाच्या दगडाला टेकून बसलेला. बाजूला बाभळीचं एक झाड होतं, त्याची सावली ताटाएवढीसुद्धा नव्हती. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका, अचानक येतो, कोणाला काही करता आलं नसतं. सगळे तसंच म्हणाले. मीही तेच धरून बसले होते.

त्या शुक्रवारी मी सुंदराबाईंचं बंद घर उघडून नोंदी वाचल्या. एप्रिलमध्ये मी फक्त चकरा मोजल्या होत्या, वाचलं काहीच नव्हतं.

पहिली नोंद: 'पाणी प्यालो. ओळख झाली.' दुसरी: 'ज्वारी घेतली, डेमोसाठी.' तिसरी: 'पीठ दिलं. ज्वारी घेतली. अर्धा तास.' चौथी: 'पीठ दिलं. पाऊण तास.' मग एक तास. मग सव्वा. शेवटच्या नोंदीत फक्त 'पीठ दिलं, ज्वारी घेतली, दीड तास' एवढंच होतं. आणि 'सावली' या रकान्यात, जिथे सगळीकडे हो किंवा नाही लिहिलेलं असायचं, तिथे याने लिहिलं होतं: 'हो. कडुनिंब. खाट आहे.'

ज्वारी म्हटल्यावर मला आठवलं. दुकानात दाखवायला ठेवलेल्या गिरणीवर दर बुधवारी मी दोन किलो ज्वारी दळायचे. "गिऱ्हाइकाची हाये, बारीक काढ," असं स्वप्निल सांगायचा. लुगड्याच्या काठाची शिवलेली पिशवी असायची. मी उठून गिरणीच्या मागे गेले. पिशवी खिळ्यावर होती. आतल्या पिठात जाळी धरली होती. शेवटचं दळण मीच काढलं होतं आणि ते पोचवायचं घर मीच बंद केलं होतं.

पीठ फेकलं, पिशवी धुतली, आणि पुढच्या गुरुवारपर्यंत वाट न बघता शनिवारी सकाळी मी स्कूटर काढली. खरं सांगायचं तर मी रागातच निघाले होते. दीड दीड तास काय करत होता हा तिथे? मेलेल्या माणसावर रागावता येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांना नवरा नसावा.

रस्त्याला लागून दोन खोल्यांचं घर, पुढे कडुनिंब, खाली सुतळीची खाट. सत्तरीच्या घरातली बारीक बाई सोप्यात तूर निवडत बसली होती. आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसत होता. तिने आधी माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

"माही पिशी!" ती म्हणाली. "तू स्वप्निलची बायको का वं? ये, बस. कुठं हाये तो? रागावला का माह्यावर? किती गुरुवार झाले, येऊनच नाई राहिला."

तिला माहीत नव्हतं. कोण सांगणार होतं तिला? दुकानातून फोन गेले ते यादीतल्या गिऱ्हाइकांना. बंद घरांना फोन जात नाहीत.

मी खाटेच्या कडेला बसले आणि सांगितलं. तिच्या हातातलं सूप खाली टेकलं. 

"छातीत ना?" तिने विचारलं.

"तुमाले कसं माईत?"

मग ती सांगत गेली. पहिल्या दिवशी तो पाणी मागायला आला तेव्हाच घामाने निथळत होता आणि डावा हात दाबत होता. तिने खाटेवर निजवला, सुंठ घालून पाणी दिलं. अर्ध्या तासाने उठून बसला, म्हणाला, ॲसिडिटी हाये मावशी. पुढच्या गुरुवारी पुन्हा. उन्हात चांदूरकडे निघालं की इथवर येता येता त्याला भरून यायचं. तो गाडी थांबवायचा, पडायचा, आणि उतरलं की जायचा.

"मी म्हनो, दवाखान्यात दाखव रे बापा. तर म्हने, सीझन होऊ दे मावशी. बायको एकटीच पडली दुकानात, आता सांगतलं तर तिचे हातपाय गळतीन. मी म्हटलं, मंग मीच सांगतो तिले, दे फोन. तर हात जोडले त्यानं मले."

"आन् ज्वारी?"

"माह्यानं गावातल्या गिरणीवर ओझं नेवत नाई. त्यानं पाह्यलं आन् घेऊन गेला. पैसे घेत नव्हता. मी म्हटलं, मंग माह्या घरून उपाशी नाई जायचं. भाकर खाऊन जाय." तिने पिशवीकडे पाहिलं. "बारीक दळे बाई. असं पीठ मले कोनी नाई देल्लं."

ते पीठ मी दळलेलं होतं हे मला सांगता आलं नाही.

सांगायचं दुसरंच होतं. ते सांगितलं. की त्याने येणं सोडलं नव्हतं, मी सोडायला लावलं. की आमच्याकडे एक यंत्र आहे, त्यात मी तुमचं घर बंद केलं. की त्याच्यापुढे मी लिहिलं, वेळ वाया.

सुंदराबाईंना यंत्राचं किती कळलं माहीत नाही. त्यांनी रस्त्याकडे हात केला.

"आखरी गुरुवारी मी इथंच बसली होती. गाडी हळू केली त्यानं. तिथं, त्या खांबापाशी. मले वाटलं, थांबते. मी उठून खाटेवर पानी बी मारलं. त्यानं हात केला मले, असा, आन् चालला गेला. मी म्हटलं, घाईत असंन."

मैलाचा तो दगड तिथून पुढे, चांदूरकडे, दोन किलोमीटरवर आहे. त्यावर 'चांदूर रेल्वे ३' असं लिहिलेलं आहे.

तो थांबला नाही, कारण थांबला असता तर मला दिसलं असतं. गाडी हळू करून त्याने एकदा खाटेकडे पाहिलं असणार, आणि मग माझा विचार केला असणार. माझ्या भीतीने तो पुढे गेला. शेवटी स्टँड लावून खाली बसला तेव्हाही सावली शोधूनच बसला, जेवढी होती तेवढ्यात.

मी तोंड झाकून रडले. पाच महिन्यांत रडले नव्हते असं नाही, पण आतापर्यंत मी बिचारी म्हणून रडत होते. सुंदराबाईंनी मला जवळ घेतलं नाही आणि तुझी चूक नाही असंही म्हटलं नाही. त्यांनी ते म्हणायला हवं होतं असं मला वाटतही नाही. त्या आपल्या जागेवर बसून राहिल्या.

मग त्यांनी विचारलं, "जेवून निघाला होता का तो त्या दिवशी?"

त्या दिवशी मी डबा भरून ओट्यावर ठेवला होता आणि न बोलता लवकर दुकानात आले होते. रात्री लोक त्याला घरी घेऊन आले तेव्हा डबा ओट्यावरच होता.

"नाई," मी म्हटलं.

"मी भाकर टाकून ठेवली होती," सुंदराबाई म्हणाल्या. "मंग सांजच्याले मीच खाल्ली."

त्यांनी आतून ज्वारी आणली आणि न विचारता पिशवीत ओतली. दोन किलोच असेल, वजन हाताला ओळखीचं होतं. मी ती स्कूटरच्या हुकाला लावली आणि निघाले. दोन किलोमीटरवर थांबायची हिंमत झाली नाही, म्हणून चांदूरकडे गेलेच नाही, उलटी अमरावतीला फिरले.

रविवारी बंडू आला. लॅपटॉप उघडून बसला, चहा घेतला, म्हणाला, "तर वयनी, करू ना सुरू? फक्त ते स्वप्निलभाऊचे जास्तीचे रकाने इकडं येणार नाई. ते तिकडंच राहतीन. त्याच्यानं काही अडत नाई तसं."

"अडते," मी म्हटलं. "हेच ठेवायचं. चार माणसांचंच."

"चौथं कोन?"

"कोणी तरी लावू. तोवर ती जागा रिकामी राहू दे. त्याचं नाव काढते मी."

बंडूने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, मी पुन्हा भावनेवर आले. त्याला मी काय झालं ते सांगितलं. सगळं, 'वेळ वाया'सकट. तो भाऊ आहे, त्याला कळायचा हक्क होता. तो उठून दुकानाच्या बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही.  तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. मी तक्रार करत नाही.

त्या संध्याकाळी मी स्वप्निलचं नाव काढलं. खरंच दोन मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी सेटिंगमध्ये जाऊन 'सावली' हा रकाना सक्तीचा केला. आता तो भरल्याशिवाय कोणाचंही घर नोंदवता येत नाही, चारचाकीवाल्यालाही नाही. कोण कुठे किती वेळ थांबलं ते दाखवणारा अहवाल मी बंद करून टाकला. चंदाने विचारलं, "ताई, सावली म्हंजे नेमकं काय लिवायचं?" मी म्हटलं, "तुला बरं वाटेनासं झालं तर त्या घरी पडता येईल का, ते."

सगळ्यात शेवटी सुंदराबाईंची नोंद उघडली. 'बंद' या शब्दाच्या बाजूलाच 'पुन्हा सुरू करा' असं छोटं बटण आहे. दाबलं. पुढची भेट विचारली, मी गुरुवार टाकला. भेट कोणाच्या नावावर, तर माझ्या. क्षणात ते घर यादीत वर आलं.

ज्वारी बुधवारी दळली, बारीक. ते बटण एप्रिलमध्येही तिथेच होतं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, पुढच्या तीन आठवड्यांत कधीही मला ते दाबता आलं असतं, आणि मला ते माहीत होतं.